उंबराचं पाणी

१

माझी बायको चंदना गेली आणि मागे दोघेच उरलो, मी आणि उंबर. आमचा मुलगा अतुल बेळगावला नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो, त्यामुळे त्याला मी मागे उरलेल्यांत धरत नाही.

उंबर हातभर उंचीचा. पसरट मातीच्या ताटलीत वाढवलेला, खोड मनगटाएवढं, वर डेरेदार फांद्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या दगडांच्या फटीत तो उगवला होता. मुळं बांधकाम फोडतील म्हणून मी उपटायला सांगितलं, तर हिनं तो अलगद सोडवून घरी आणला आणि पंचवीसेक वर्षं लहान मुलासारखा सांभाळला. आम्ही जैन. उंबराच्या फळात जीव असतात म्हणून आमच्यात ते खात नाहीत. बायका हिला हसायच्या, "चंदनाक्का, आपल्या घरात उंबर गं?" ही म्हणायची, "खायाला कुठं लावलाय? बघायला लावलाय."

त्याला पाणी मात्र विहिरीचंच. रोज सकाळी मळ्यात जायची, पाणी काढायची आणि तिथंच जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळायची. फडक्यात जे राहतं ती जिवाणी. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ज्या पाण्यातून ते आले त्याच पाण्यात त्यांना परत सोडायचं, हा आमच्याकडचा जुना नेम. वरून ओतायचं नाही, आपटून मरतात. त्यासाठी तिच्याकडे बुडाला कडी असलेला पितळी तांब्या होता. जाड दोरीनं तांब्या खाली सोडायचा, पाण्याला टेकला की कडीची बारीक दोरी ओढायची. तांब्या उलटतो, जीव घरी पोचतात.

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. "एवढ्या सूक्ष्म जीवांना घर कळतं होय गं?" म्हणून मी तिची थट्टा करायचो.

"ज्येचं पाणी त्येलाच मानवतं. तुमाला न्हाय कळायचं," ती म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर ती महिनाभर खोकत होती, हातांची हाडं वर आली होती, तरी मळ्यात जायची चुकली नाही. एका सकाळी ती विहिरीच्या कठड्यावर बसल्या जागीच गेली. मी पोचलो तेव्हा दोरी हातात होती. खाली तांब्या पाण्याला टेकलेला, उलटायचा राहिलेला. तो नंतर कुणी वर काढला, त्यातल्या जिवाणीचं काय झालं, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

२

झाडाला पाणी घालायला अक्कल लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी सरळ नळाखाली तांब्या धरला आणि ओतला. दहा-बारा दिवसांत पानं पिवळी पडली.

क्लोरीन असणार, म्हणून बादली भरून दिवसभर उघडी ठेवून तेच पाणी घातलं. पानं गळायला लागली. मग बोअरचं घातलं, तर मातीवर पांढरा थर धरला आणि उरलेल्या पानांच्या कडा करपल्या. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घातलं. त्यात क्षार नाहीत तसं दुसरंही काही नाही, मग झाड कशावर जगणार? पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम म्हणतात, पण पौषात पाऊस आणू कुठून?

शेवटी फांद्या उघड्या पडल्या. सकाळी चहा घेताना समोर तो उभा असायचा, हाडं वर आलेला. मला चंदनाचे शेवटच्या महिन्यातले हात आठवायचे. हे झाड गेलं तर ती दुसऱ्यांदा जाईल आणि या खेपेला माझ्या हातून जाईल, एवढंच मनात घुमत राहायचं.

मग मी पाण्याचे क्षार मोजायचं मीटर खिशात टाकलं आणि मळ्यात गेलो. विहिरीच्या पाण्यात बुडवलं. आकडा जवळजवळ बोअरच्या पाण्याएवढाच. एकाच जमिनीतलं पाणी, दुसरं काय निघणार? हे पाणी घातलं तरी कडा करपणार, असं शास्त्र सांगत होतं. तरी मी कॅन भरला.

३

तिच्या झाडाला न गाळलेलं पाणी घालायला हात धजेना. घरी येऊन तिचंच फडकं शोधलं, पाणी गाळलं आणि उंबराला घातलं. फडक्यात शेवाळाचे थोडे तंतू, थोडी माती राहिली. आता एवढ्यासाठी पुन्हा मळ्यात कोण जाणार? परसात दगडी हौद आहे, त्यात फडकं खळबळून टाकलं. गटारात तर नाही ना टाकलं, अशी स्वतःची समजूत घातली.

दर दोन दिवसांनी हाच क्रम. कॅन आणायचा, गाळायचं, उंबराला पाजायचं, जिवाणी हौदात.

आणि उंबर फुटला! प्रत्येक डहाळीच्या टोकाला तांबूस कोवळी पानं. मीटर पुन्हा लावून पाहिलं, आकडा तोच. का फुटला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला ते नकोही होतं. मी त्याच्यासमोर उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतर एकदा सकाळी पाणी घालायला गेलो तर ताटली आधीच भिजलेली. खालच्या भोकांतून थेंब गळत होते. वाटलं, मीच घातलं आणि विसरलो, वय झालं. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या आधी तिथं गेलो. ताटली ओली. तिच्यापासून हौदापर्यंत फरशीवर थेंबांची एक ओळ गेली होती. हौदाच्या आत, पाण्याच्या वर चार बोटं दगड ओला होता, म्हणजे पातळी नुकतीच खाली गेली होती.

शेजारच्या यशोदाबाईंना विचारलं.

"मी कशाला घालू वो सर? तुमच्या परसाला आतनं कडी अस्तीया," त्या म्हणाल्या.

कडी आतून होती, ते खरं होतं.

४

भीती वाटली का? पहिल्यांदा नाही वाटली. बायको जाऊन तीन महिने झालेल्या माणसाला घरात कुणीतरी झाडाला पाणी घालतंय हे कळलं, तर तो आधी आनंदतो आणि मग त्या आनंदाची त्याला लाज वाटते. मी परसात जाऊन बोलायला लागलो. आज भाजी काय केली, पेन्शनच्या कचेरीत कुणाशी भांडलो. उंबराशी बोलतोय असं दाखवायचं आणि तोंड हौदाकडे.

मग एका दुपारी तो आवाज आला. जेवून पडलो होतो. गल्लीत सामसूम. परसातून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. बेडूक असेल म्हणून उठलो. हौदाजवळ गेलो तसा आवाज स्पष्ट झाला. ओला तळवा दगडावरून फिरावा तसा. चारी बाजूंनी, कोपऱ्याकोपऱ्याशी थबकत, पुन्हा पुढे. अंधारात माणूस खोलीचं दार चाचपतो, तसा.

वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. आत काहीही नव्हतं. आवाज चालूच होता.

मी मागे सरलो नाही. फडकं माझ्या खांद्यावर होतं, त्याचं एक टोक मी पाण्यात सोडलं. का सोडलं ते सांगता येणार नाही.

फडक्याला हिसका बसला. एक. मग दुसरा.

इथं मला एक सांगायला हवं. आमचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खाली गेलं होतं. चंदना कमरेला दोरी बांधून पायऱ्या उतरायची आणि कळशी भरायची, मी वर दोरी धरून. खालून हाक मारली तर नुसतं घुमायचं, शब्द कळायचे नाहीत. म्हणून आम्ही खूण ठरवली, दोन हिसके म्हणजे ओढा. पुढं पंप बसला, पण खूण राहिली. लग्नाच्या मांडवात, पाहुण्यांच्या गराड्यात माझ्या सदऱ्याचं टोक मागून दोनदा ओढलं गेलं की मी ओळखायचो. उठा, मला हितनं न्या.

मी फडकं ओढलं. ते वर आलं, पाणी निथळत, रिकामं.

५

रविवारी अतुलचा फोन आला.

"आप्पा, मळ्यातली विहीर रस्त्यात जात्या. पुढच्या आठवड्यात बुजवनार म्हणत्यात. मी सह्या करून आलोय."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तुमी व्हय म्हणला असता? आणि तुमी आता हिकडं या. हितं बेळगावात पिरनवाडीला घर लई मोठं हाय. तिथं एकटं कशाला बसताय?"

"तुमच्याकडे पाणी कसलं आहे रे?"

"पाणी? नळाचं. का वो?"

"काही नाही," मी म्हणालो.

विहीर बुजली की उंबराला पाणी नाही. तेवढीच काळजी आधी मनात आली. दुसरी काळजी दुपारी आली, हौदातला आवाज सुरू झाल्यावर. आता तो बारीक झाला होता. तळवा फिरायचा आणि मध्येच थकल्यासारखा थांबायचा. एकदा त्यातून खोकल्याची उबळ आली. तो खोकला मी कार्तिकात रोज ऐकला होता.

मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि उशी कानावर दाबून पडून राहिलो.

६

त्रिशलाक्का, चंदनाची थोरली बहीण, सदलग्याहून भेटायला आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती पाय धुवायला परसात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. जाऊन पाहिलं तर हौदाच्या काठाला दोन्ही हात टेकून उभी होती.

"दाजी, हितं कोण हाय?"

"कोण असणार, आक्का?"

"माझ्यासंगं खोटं बोलू नगासा. माझ्या पाठची हाय ती. तिचा खोकला मला कळत न्हाय व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, फडकं, हौदात टाकलेली जिवाणी. ती ऐकता ऐकता खालीच बसली.

"अय्यो, दाजी! हितल्या पान्यात कशापायी टाकलीसा? विहिरीतला जीव तो. दुसऱ्या पान्यात तडफडत्यात वो ते. शाळा शिकवलीसा आणि येवढं कळंना?"

"मला काय माहीत, आक्का. मला वाटलं..."

"काय वाटलं? ऱ्हाईल म्हणून?"

तेच वाटलं होतं. फडक्याला बसलेले हिसके मी तिला सांगितले. ती डोळे पुसत म्हणाली, "मग आनि कसं सांगावं तिनं? घरला पोचवा म्हणत्या. विहीर बुजायच्या आदी सोडून या. ज्येचं पाणी त्येला द्या, दाजी."

शब्द चंदनाचेच होते. उंबर तिकडे हिरवागार उभा होता. खोडाला बारीक बारीक उंबरंसुद्धा धरली होती. ते पाणी बंद झालं तर तो जाणार, हे मला दिसत होतं. पण हौदात दुपारभर जे घुसमटत होतं ते ऐकून झाड सांभाळणं म्हणजे निव्वळ कसाईपणा. मी कबूल झालो.

७

सकाळी हौदाचं सगळं पाणी मी फडक्यातून गाळलं. त्याला बराच वेळ लागला. शेवटी फडक्यात फक्त ओला गाळ राहिला, मुठीत मावेल एवढा. तो थोड्या पाण्यासकट कडीच्या तांब्यात घेतला, वर फडकं गुंडाळलं आणि स्कूटरवर पायांच्या मध्ये धरून निघालो. हायवेच्या कडेनं जाताना मी तिच्याशी बोलत होतो. आलंच आता, म्हणत होतो.

मळ्यात जेसीबी उभा होता. विहिरीच्या कडेला दगडमातीचे ढीग. पाणी पंपानं उपसून टाकलेलं, पायऱ्या कालच उखडलेल्या. अगदी खाली, तळाशी, ताटाएवढं पाणी चमकत होतं.

जेसीबीवाला भरमू खाली उतरला. "सर, आता भरायचं हाय. लांब सरकून बसा."

"पाच मिनिटं दे रे बाबा. एक काम राहिलंय."

तांब्या सोडला. दोरी पुरली नाही. कडीची बारीक दोरी सोडवून जाड दोरीला जोडली, तरी हातभर कमी. वरून ओतायचं नाही, आपटतात. फडकं होतं. त्याचा पीळ घालून दोरीच्या टोकाला गाठ मारली आणि कठड्यावर पालथा पडून हात सोडला. तांब्या पाण्याला टेकला.

टेकला आणि मग माझ्या लक्षात आलं की तो उलटायला आता दोरीच नाही. मी तसाच पडून राहिलो. छाती दगडाला घासत होती.

तेवढ्यात खाली वजन हललं. तांब्या सावकाश कलंडला. अंधार होता, खोल होतं, आणि मला चष्मा आहे, हे सगळं मान्य. पण तांब्याच्या बुडाखाली एक तळवा होता. कठड्यावरून तांब्या सोडताना ती बुडाला हात लावायची, तसाच. पाणी हललं आणि तो दिसेनासा झाला.

मला हायसं वाटलं. पोचली, असं मी मोठ्यानं म्हणालो. दोरी वर घ्यायला हात आवळला.

फडक्याला हिसका बसला. मग दुसरा.

मी ओढलं. तांब्या रिकामा होता, तरी दोरी जड होती. मी गुडघ्यांवर आलो, सगळं बळ लावून ओढलं. कठड्याशी दोरी करकरली. हातभर वर आली, आणखी हातभर आली. खाली कुणीतरी पायानं भिंत चाचपत होतं. सुटलेल्या मातीची ढेकळं पाण्यात पडत होती.

"ओढतोय," मी ओरडलो. "ओढतोय गं, धर!"

लुगडं जुनं होतं. किती वर्षं पाणी गाळून विरलेलं. ते मधोमध फाटलं.

खालून एकच आवाज आला, पाण्यात काही पडल्याचा. मी कठड्यावरून पुढे झुकलो तसं भरमूनं मागून मला कवेत धरलं. "सर, सर, काय करालासा!" त्यानं मला ओढत बांधापर्यंत नेलं, पाणी पाजलं. मी म्हातारा माणूस, माझी बायको इथंच गेलेली, त्यावरून त्याला कळलं तेवढं कळलं. मी त्याला थांब म्हणालो. खाली कोण आहे म्हणून त्यानं विचारलं. मी काय सांगणार होतो? तो स्वतः कठड्यापर्यंत जाऊन वाकून पाहून आला.

"कोन न्हाय, सर. तांब्या तेवढा पडलाय," तो म्हणाला आणि जेसीबीत चढला.

दुपारपर्यंत विहीर भरली.

८

मी आता पिरनवाडीला असतो. उंबर गॅलरीत ठेवला आहे. पानं सगळी गेली. सुनेनं दोनदा विचारलं, आप्पा, ही कुंडी काढू का? मी नको म्हणालो. खोडाला नख लावलं तर अजून आत बारीकसा ओलावा लागतो, की तसं मला वाटतं.

आक्का म्हणते, तुम्ही योग्य तेच केलं, जीव आपल्या ठिकाणी गेला. मी मान हलवतो. पण दोन हिसक्यांचा अर्थ आक्काला काय ठाऊक? तो अर्थ मला एकट्याला ठाऊक होता. चंदनानं उभ्या जन्मात ती खूण एकाच कामासाठी केली. मला हितनं न्या. हौदातून तिनं तेच सांगितलं आणि आम्ही शहाण्यांनी तिला उचलून परत विहिरीत घातलं. तिला पाणी नको होतं. तिला वर यायचं होतं.

फडक्याचा माझ्या हातात राहिलेला अर्धा तुकडा मी जपून ठेवला आहे. रोज सकाळी त्यातून नळाचं पाणी गाळतो आणि उंबराला घालतो. गाळून झालं की फडक्यात काही उरत नाही. तरी धुऊन, पिळून गॅलरीच्या तारेवर टाकतो.

दुपारी सगळे कामावर असतात. वारा नसतो, खालची झाडंही हलत नाहीत. मी खुर्ची टाकून तारेखाली बसतो. कधी कधी ते खाली लोंबणारं टोक ताणलं जातं. एकदा. मग पुन्हा एकदा.

मी लगेच उठून ते दोन्ही हातांनी धरतो आणि ओढायला लागतो.